पहिला खेळ कुणी पाहिला?

१९६०च्या जून महिन्यात न्यूयॉर्कच्या डीमिल आणि बॅरोनेट या दोन चित्रपटगृहांबाहेर एक अजब ताकीद लागली होती. आल्फ्रेड हिचकॉकचा ‘सायको’ एकदा सुरू झाला की कुणालाही आत सोडले जाणार नाही. मॅनेजरच्या भावाला नाही, अमेरिकेच्या अध्यक्षांना नाही आणि इंग्लंडच्या राणीलाही नाही. जाहिरातीत खुद्द हिचकॉक मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत उभा होता.

मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे तीन, सहा आणि नऊचे खेळ. उशिरा पोचलेला माणूस बॅटरीवाल्याच्या मागून चाचपडत, लोकांच्या पायांवर पाय देत आपल्या खुर्चीपर्यंत जातो आणि दोन-चार शिव्या खातो. चित्रपट पहिल्यापासून पाहायचा असतो हे आपण गृहीत धरलेले आहे. अमेरिकेत तसे नव्हते. तिथल्या बहुतेक चित्रपटगृहांत सकाळी किंवा दुपारी सुरू झालेला कार्यक्रम रात्रीपर्यंत अखंड चालू असे: मुख्य चित्रपट, बातमीपट, व्यंगपट, पुढल्या आठवड्याची झलक, आणि मंदीच्या वर्षांपासून जोडीला एक दुय्यम, स्वस्तातला चित्रपट. मग हेच रहाट पुन्हा. तिकिटावर वेळ नाही, खुर्चीचा क्रमांक नाही. बाजारहाट आटोपून माणूस आत शिरे, सुरू असेल तिथून पाहू लागे आणि चक्र फिरून त्याच प्रसंगापाशी आले की सोबतच्याला कोपराने ढोसून उठे. ‘आपण इथूनच आत आलो होतो’ या अर्थाचे वाक्य अमेरिकन इंग्रजीत म्हणीसारखे रुजले, ते या रिवाजातून. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४६च्या सुमारास, तिथे आठवड्याला आठ-नऊ कोटी तिकिटे खपत असत असा अंदाज दिला जातो. देशाची लोकसंख्या तेव्हा चौदा कोटींच्या आसपास होती. या कोट्यवधींपैकी कितीतरी जणांनी शेवट आधी आणि सुरुवात नंतर पाहिली असणार.

हिचकॉकची अडचण व्यवहाराची होती. ‘सायको’ची मोठी तारका जॅनेट ली. ती चित्रपट अर्धाही झालेला नसताना मारली जाते. (साठ वर्षांहून जुने रहस्य फोडल्याबद्दल वाचक क्षमा करतील.) एक तासाने आत आलेला प्रेक्षक जॅनेट ली कधी येते याची वाट पाहत बसला असता आणि बाहेर पडताना तिकीटखिडकीवर भांडला असता. म्हणून हा नियम. चित्रपटगृहांचे मालक धास्तावले होते; पण फुटपाथवर रांगा लागल्या आणि रांग हीच जाहिरात झाली. अखंड खेळांचा रिवाज त्यानंतरही काही वर्षे टिकला, पण त्याची सद्दी संपत आल्याची खूण म्हणून मी ‘सायको’कडे पाहतो.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो पाहण्यातून. नोकरीतून मोकळा झाल्यावर, गेली चार वर्षे, मी जुने हॉलिवूड सालवार पाहतो आहे. १९३०पासून सुरुवात, आठवड्याला दोन चित्रपट, वहीत नोंद. तोवर हे चित्रपट मला फक्त नावांनी ठाऊक होते. नावे आणि कीर्ती इतकी ओळखीची, की पाहायचे राहूनच गेले. सोबतीला पत्नी असते. पहिल्या काही महिन्यांतच ती वैतागून म्हणाली, “अहो, तीच माहिती किती वेळा सांगतात हे लोक? त्याचं नाव मला आता पाठ झालं.” तिचे म्हणणे खरे होते. पात्रे एकमेकांना सारखी नावाने हाका मारतात. नायक काय करतो, त्याला काय हवे आहे, त्याच्यापाशी किती वेळ उरला आहे, हे एकदा तो सांगतो, एकदा त्याचा मित्र सांगतो आणि एकदा वर्तमानपत्राचा मथळा सांगतो. डेव्हिड बोर्डवेल, जॅनेट स्टायगर आणि क्रिस्टिन थॉम्पसन यांनी १९८५ साली जुन्या हॉलिवूडच्या कथनरीतीवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात ही पुनरुक्ती त्या शैलीचा पाया म्हणून दाखवलेली आहे. मला मात्र यात मधूनच आत शिरलेल्या त्या माणसाची सावली दिसते. पटकथाकाराने त्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले असा पुरावा माझ्यापाशी नाही. पण पिशव्या सांभाळत बसलेल्या बाईला पाच मिनिटांत कथेची लाज राखता येईल एवढी सोय त्या संवादांत नक्कीच आहे. १९४१च्या ‘सिटिझन केन’मध्ये ऑर्सन वेल्स नायकाचे सारे आयुष्य सुरुवातीलाच एका खोट्या बातमीपटातून सांगून टाकतो आणि मग तेच आयुष्य माणसामाणसाच्या आठवणींतून मागे-पुढे उलगडतो. आम्हा नवख्यांना ती रचना अवघड वाटते. जो प्रेक्षक दर आठवड्याला मध्य-शेवट-सुरुवात अशा क्रमाने चित्रपट जुळवत होता, त्याला ती तितकी परकी वाटली नसावी.

प्रेक्षक म्हणून मी आतापर्यंत एकवचन वापरले, तेही फसवे आहे. आत कोणत्या दाराने गेलात यावरही बरेच काही ठरत असे. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांना वेगळे दार, बाहेरून वेगळा जिना आणि सर्वांत वरची बाल्कनी. काही गावांत तर त्यांच्यासाठी मध्यरात्रीचा वेगळा खेळ. वेगळा जिना म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

वरच्या बाल्कनीतून काय दिसत होते? लीना हॉर्न ही देखणी, तालेवार गायिका १९४२ साली एमजीएमच्या करारावर आली. तिचे चित्रपट ओळीने पाहताना मी वहीत एक खूण करू लागलो. ‘कॅबिन इन द स्काय’ आणि ‘स्टॉर्मी वेदर’ या संपूर्ण कृष्णवर्णीय नटसंचाच्या दोन चित्रपटांत तिला भूमिका आहे. बाकी ठिकाणी ती येते, खांबापाशी किंवा पडद्यापाशी उभी राहते, अप्रतिम गाते आणि जाते. कथेतले कुणी तिच्याशी बोलत नाही, ती कुणाशी बोलत नाही. त्यामागे हिशेब होता: दक्षिणेतल्या शहरांत तेवढा तुकडा रिळातून काढून टाकला तरी गोष्टीला कुठे टाका घालावा लागू नये. टेनेसी राज्यातल्या मेम्फिसमध्ये लॉइड बिनफर्ड नावाचा गृहस्थ १९२८ ते १९५५ सेन्सॉर मंडळाचा प्रमुख होता आणि त्याची कात्री अशा तुकड्यांवर हमखास चाले. १९४७ साली ‘कर्ली’ नावाच्या एका निरुपद्रवी बालचित्रपटाला त्याने बंदी घातली. कारण एकच. त्यात गोरी आणि काळी मुले एका वर्गात बसलेली दिसत होती.

‘गॉन विथ द विंड’ची गोष्ट अनेकांना ठाऊक असते, तरी ती इथे टाळता येत नाही. १५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटा शहरात त्याचा पहिला खेळ थाटामाटात झाला. मॅमीची भूमिका करणारी हॅटी मॅक्डॅनिएल त्याला नव्हती. त्या शहराच्या रिवाजात तिला इतरांसोबत बसता येणार नव्हते. दोन-अडीच महिन्यांनी, २९ फेब्रुवारी १९४०च्या रात्री, ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत ठरली. त्या समारंभात तिचे टेबल चित्रपटातल्या बाकीच्यांपासून वेगळे, कडेला मांडलेले होते. हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हे वाचून झाले होते. त्यामुळे पावणेचार तासांत मी नायिकेपेक्षा मॅमीकडेच जास्त पाहिले. अशा पाहण्याला निर्मळ म्हणता येणार नाही, आणि मला त्याची खंतही नाही.

या बाबतीत एक पुस्तक मला फार मोलाचे वाटते. जेम्स बॉल्डविनने १९७६ साली ‘द डेव्हिल फाइंड्स वर्क’मध्ये आपले लहानपणचे चित्रपट-पाहणे लिहून ठेवले आहे. हार्लेममधला सहा-सात वर्षांचा काळा मुलगा जोन क्रॉफर्डला पडद्यावर पाहतो, भारावतो आणि पुढे एका दुकानात दिसलेली काळी बाई त्याला हुबेहूब क्रॉफर्डसारखी भासते म्हणून तिच्यामागून चालू लागतो. बेटी डेव्हिसचे बटबटीत डोळे पाहून त्याला धक्का बसतो, कारण ते त्याच्या स्वतःच्या डोळ्यांसारखे आहेत आणि तरीही ती तारका आहे. स्टुडिओच्या कुठल्याही हिशेबात न बसणारा असा हा प्रेक्षक.

समुद्रापलीकडे, आपल्याकडे, याच चित्रपटांची वेगळी धास्ती होती. १९२०च्या दशकात मुंबईच्या पडद्यांवर अमेरिकन मूकपटांचा भरणा होता आणि गोऱ्या बायकांची चुंबने, नाच, उघडे खांदे पाहून नेटिव प्रेक्षकाच्या मनातला साहेबाचा दरारा उतरेल, अशी कुजबुज इंग्रजी अंमलदारांत आणि विलायतेतल्या वर्तमानपत्रांत चालू होती. १९२७ साली मद्रासचे वकील टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने चौकशी समिती नेमली, त्यामागच्या कारणांत हेही एक होते. समितीने गावोगाव साक्षी घेतल्या आणि १९२८ साली अहवाल दिला. त्याचा सूर सरकारच्या अपेक्षेपेक्षा बराच समंजस होता. देशी चित्रपटधंद्याला हात द्यावा असेच तिने सुचवले. सरकारने तो अहवाल बासनात गुंडाळला.

कात्रीचा विषय निघाला आहे तर ‘बेबी फेस’विषयी जरा सविस्तर लिहितो, कारण या साऱ्या पाहण्यात मला त्याने सर्वांत जास्त हलवले.

१९१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, त्याला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निवाडा दिला. तो १९५२पर्यंत टिकला. म्हणून पेनसिल्व्हेनिया, ओहायो, न्यूयॉर्क अशी राज्ये आपापली मंडळे चालवत आणि आपापल्या परीने रिळे कापत. सरकारी कात्री टाळायला निर्मात्यांनी १९३० साली स्वतःच एक आचारसंहिता स्वीकारली. विल हेज या त्यांच्या संघटनेच्या प्रमुखाच्या नावाने ती ओळखली जाते. चार वर्षे ती कागदावरच राहिली. मग कॅथलिक संघटनांनी बहिष्काराची धमकी दिली आणि जुलै १९३४पासून जोसेफ ब्रीनच्या कचेरीच्या शिक्क्याशिवाय चित्रपट मोठ्या चित्रपटगृहांत लावणे अशक्य झाले. १९३० ते ३४ ही चार वर्षे नवख्या माणसाला चकित करतात. आपण ज्याला जुने, सोज्वळ हॉलिवूड समजतो, ते त्यानंतरचे.

‘बेबी फेस’ १९३३चा. बार्बरा स्टॅनविक यात लिली पॉवर्स नावाची मुलगी झाली आहे. ईरी गावच्या गिरण्यांच्या धुरात तिच्या बापाचा चोरटा दारूचा गुत्ता आहे आणि बाप तिला गिऱ्हाइकांपुढे ढकलतो. त्याची भट्टी फुटून तो मरतो. गावातला एक म्हातारा चांभार तिचा एकमेव हितचिंतक. तो नीत्शे वाचतो. त्याचा सल्ला असा की, पुरुषांनी तुला वापरले, आता तू त्यांना वापर. लिली मालगाडीत लपून न्यूयॉर्कला येते, एका बँकेत चिकटते आणि एकेका पुरुषाच्या आधाराने वर चढत जाते. प्रत्येक बढतीला कॅमेरा इमारतीच्या बाहेरून एकेक मजला वर सरकतो. सोबत चिको नावाची काळी मैत्रीण, म्हणजे थेरेसा हॅरिस. ती नोकराणी म्हणून वावरते, पण लिली तिला सोडायला तयार नाही. तिला कामावरून काढणाऱ्या बापाला ती ठणकावते: चिको गेली तर मीही जाईन. त्या काळात ही मैत्री मला दुर्मीळ वाटते.

न्यूयॉर्क राज्याच्या मंडळाने चित्रपट नाकारला. न्यूयॉर्क हातचे गेले तर धंदाच गेला. तेव्हा वॉर्नर ब्रदर्सने तो दुरुस्त केला. चांभाराचा सल्ला बदलला: पुरुषांना वापर, याऐवजी मार्ग दोन आहेत, एक बरोबर, एक चूक, तू बरोबर तो धर. नवे शब्द त्याच्या तोंडी बसणार कसे? तर त्याच्या पाठमोऱ्या डोक्यावर ते चिकटवले. मालगाडीतला प्रसंग छाटला. शेवटी एक नवा तुकडा जोडून लिली आणि तिचा नवरा सारे पैसे देऊन गरिबीत, गिरणीच्या गावी सुखाने राहतात असे सांगून टाकले. पुढची सत्तर वर्षे जगाने हाच ‘बेबी फेस’ पाहिला.

२००४ साली एका महोत्सवासाठी प्रत मागितली गेली तेव्हा लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या भांडारात त्याची एक निगेटिव्ह ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त भरली. उलगडून पाहिली, तर कापण्यापूर्वीचा चित्रपट, सुमारे पाच मिनिटे मोठा. त्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या महोत्सवात तो दाखवला गेला. कापण्याआधीच मंडळाने अडवलेला हा चित्रपट सामान्य प्रेक्षकाने पहिल्यांदा पाहिला तो एकाहत्तर वर्षांनी, असे म्हणायला हरकत नाही. मी दोन्ही रूपे लागोपाठच्या दोन रात्री पाहिली. पाच मिनिटांनी काय होते? एकात स्वतःचा हिशेब मांडणारी बाई आहे, दुसऱ्यात वाट चुकलेली आणि वेळीच सुधारलेली. स्टॅनविकचा चेहरा दोन्हींत तोच आहे आणि दुसऱ्यातले शब्द त्याला मानवत नाहीत. पत्नीने कापलेला आधी पाहिला होता. ती म्हणाली, “काल मला ही बाई कळलीच नव्हती. वाटलं, नटीचंच चुकतंय.”

‘किंग काँग’चेही असेच. १९३३चा चित्रपट १९३८ साली पुन्हा लावताना ब्रीनच्या कचेरीने त्यातले काही तुकडे काढायला लावले: काँग फे रेचे कपडे ओरबाडून हुंगतो तो, माणसे चावतो ते, एका बाईला उंचावरून सोडून देतो तो. पुढची तीस वर्षे लोकांनी थोडा सभ्य काँग पाहिला. तुकडे परत बसले ते १९७०च्या सुमारास.

चित्रपट अभिजात ठरतो म्हणजे काय, याचेही एक गद्य उत्तर आहे. फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ डिसेंबर १९४६मध्ये आला आणि खर्चही भरून न काढता गेला. अठ्ठावीस वर्षांनी त्याचा कॉपीराइट नूतन करायचा होता. १९७४ साली ते राहून गेले. फुकट मिळतो म्हणून अमेरिकेतल्या झाडून साऱ्या दूरचित्रवाणी केंद्रांनी तो नाताळात लावायला सुरुवात केली. एका पिढीने तो दर डिसेंबरात, घरच्यांसोबत, खाता-खाता पाहिला आणि तो राष्ट्रीय ठेवा झाला. चित्रपट उत्तमच आहे. नायक पुलावर उभा राहतो तो प्रसंग मला आवंढा गिळायला लावतो. पण तितकेच उत्तम आणि कॉपीराइट वेळेवर नूतन झालेले किती चित्रपट भांडारांत पडून असतील, हा विचार त्या आवंढ्यासोबत येतो.

आपण मात्र या चित्रपटांकडे कोरे जात नाही. ‘इट हॅपन्ड वन नाइट’ लावला आणि दहाव्या मिनिटाला आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले: हा तर ‘चोरी चोरी’. राज कपूर-नर्गिसचा तो चित्रपट १९५६चा, मूळ १९३४चे. पण आमच्या लेखी क्लार्क गेबलच राज कपूरची नक्कल करत होता. ‘माय फेअर लेडी’ला तर फारच पंचाईत झाली. ऑड्री हेपबर्न तोंड उघडी आणि मला ऐकू येई ‘ती फुलराणी’तली भक्ती बर्वे. पु.लं.चे नाटक १९७५चे, चित्रपट १९६४चा, दोन्हींचे मूळ शॉच्या ‘पिग्मेलियन’मध्ये. गंमत अशी की हेपबर्नची बहुतेक गाणी तिच्या आवाजात नाहीतच, ती मार्नी निक्सनने गायली आहेत. उच्चार सुधारून दुसरीच बाई घडवण्याच्या गोष्टीत नायिकेचा आवाजच उसना. मंजुळेचा सारा तोरा भक्ती बर्वेचा स्वतःचा होता.

शेवटी एक पहिला खेळ सांगायचा राहिला. १७ मार्च १९४२, कॅलिफोर्नियातले पोमोना गाव. वेल्सचा दुसरा चित्रपट ‘द मॅग्निफिसन्ट अँबरसन्स’ चाचणीसाठी लावला गेला. लोक आले होते ‘द फ्लीट्स इन’ ही हलकीफुलकी संगीत विनोदिका पाहायला. त्यांना तिच्यापाठोपाठ एका घराण्याच्या ऱ्हासाची ही उदास गोष्ट दाखवली. हशा चुकीच्या जागी पडला. मतपत्रिकांवर लोकांनी चरचरीत शेरे लिहिले. दोन दिवसांनी पासाडेनात बरा अनुभव आला, पण आरकेओ कंपनी घाबरली होती आणि वेल्स दुसऱ्या चित्रपटासाठी ब्राझीलमध्ये होता. दोन तासांहून मोठा चित्रपट कापून अठ्ठ्याऐंशी मिनिटांचा केला गेला. त्याच्यामागे नवा, गोड शेवट दुसऱ्याच माणसांनी चित्रित करून जोडला. कापलेल्या भागाची निगेटिव्ह पुढे नष्ट करण्यात आली.

आज जे पाहायला मिळते त्यातली नृत्याची रात्र आणि जिन्यावरचे संवाद इतके भरगच्च आहेत की, शेवटची दहा मिनिटे कुणीतरी दिवा मालवल्यासारखी वाटतात. पोमोनातल्या त्या श्रोत्यांत मुले होती, नाविकपट पाहायला आलेली जोडपी होती. मोठा चित्रपट पाहिलेले ते मोजके लोक. ब्राझीलमध्ये वेल्सकडे संकलनासाठी पाठवलेली एक प्रत मात्र कुठे गेली ते कळलेले नाही. ती अजून शोधली जाते आहे.